सुभेदारीणबाईंनी निवडलेली पिन

सुभेदारीणबाई दुकानात कधी बसत नसत. झाशीच्या मानिक चौकात गिऱ्हाइकाला आधी स्टूल, मग चहा आणि मग भाव, अशी रीत आहे. बाई मात्र छत्री टेकून उभ्या राहत आणि दुकानदारालाही उभं करत. “बसलं की माणूस हो म्हणतं,” असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्यासमोर बसून आयुष्यात बऱ्याच गोष्टींना हो म्हटलेलं आहे, त्यामुळे या सिद्धांताचा मी चालताबोलता पुरावा आहे.

त्यांचं नाव इंदुमती. पण झाशीतल्या आमच्या गल्लीत ते फक्त वीजबिलावर होतं. तोंडावर आम्ही त्यांना काकू म्हणायचो आणि पाठीमागे सुभेदारीणबाई. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. साहेब, म्हणजे त्यांचे यजमान, फौजेत सुभेदार होते, आर्मरर. बंदुका दुरुस्त करणं हे त्यांचं काम. शेवटचं पोस्टिंग झाशीजवळच्या छावणीत, बबीन्याला झालं. निवृत्तीनंतर त्यांच्याबरोबरचे सगळे आपापल्या गावी गेले, हे दोघं झाशीत राहिले. का राहिलात, असं कुणी विचारलं तर काकू सांगत, “पेरूला तेव्हाच फळ धरलं होतं. टाकून कसं जायचं?”

आमचं घराणं झाशीत पेशव्यांच्या काळात आलेलं. घरात आम्ही जे मराठी बोलतो ते बाहेर कुठं चालत नाही, आणि निम्मी वाक्यं हिंदीत जाऊन संपतात. काकूंना याची फार गंमत वाटायची. “तुमचं मराठी पेशव्यांबरोबर आलं,” त्या म्हणायच्या, “आन् पेशवे गेले तरी दमून इथंच बसलंय.” त्यावर मी त्यांच्या सातारी हिंदीची नक्कल करून दाखवायचो. मग त्या मला पेरू द्यायच्या, पण बिनपिकला.

वस्तू घ्यायची काकूंची पद्धत अशी होती की ती बघायला तिकीट लावलं असतं तरी मी गेलो असतो. त्या वस्तू कानानं घेत. एकदा छताचा पंखा घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी पंखा लावायला सांगितला आणि त्याच्याखाली डोळे मिटून उभ्या राहिल्या. दुकानदार बोलायचा थांबला. बाकीची गिऱ्हाइकं बोलायची थांबली. कीर्तनाला बसावं तसे सगळे गप्प. बऱ्याच वेळानं काकूंनी डोळे उघडले आणि निकाल दिला, “हा रात्री बोलेल.” दुसरा पंखा लावला. तोही बोलणारा निघाला. तिसरा त्यांनी घेतला, आणि तो अजून मुका आहे. त्या दुकानदाराच्या मनात मात्र आपल्या सगळ्याच पंख्यांबद्दल कायमचा संशय उत्पन्न झाला.

अशा या बाईंना एका हिवाळ्यात फाटकाचा खटका निवडायची वेळ आली.

साहेब विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. ते शांत होते, स्वच्छ होते, रोज दाढी करत होते. फक्त आपण निवृत्त झालोय हे त्यांच्या लक्षात राहत नव्हतं. दुपारी काकूंचा डोळा लागला की ते टोपी घालून युनिटला निघत. आणि आमच्या गल्लीत फाटक उघडायचं शास्त्र सगळ्यांना येतं, लावायचं कुणालाच येत नाही. दूधवाला उघडं टाकून जातो, पेपरवाला टाकून जातो, आणि फाटक नीट लावत जा असं बजावायला आलेला शेजारीसुद्धा जाताना उघडंच टाकून जातो. एका दुपारी साहेब बबीन्याच्या रस्त्यावर पार ट्रकांच्या रांगेत सापडले. एका ढाबेवाल्यानं त्यांना हाताला धरून खाटेवर बसवलं होतं. पायातली चप्पल एकच होती.

सगळ्यांनी एकच उपाय सुचवला. मीही सुचवला. कुलूप.

कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो, तर साहेब फाटकाच्या आत उभे. कुलूप हातात घेऊन त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं, मग सोडलं. दोन पावलं मागे सरले, टाचा जुळवल्या आणि गजांतून मला अगदी अदबीनं विचारलं, “मेरा कसूर क्या है, साब?”

फौजेत माणूस आत आणि कुलूप बाहेर असेल, तर त्याचा अर्थ एकच. तो क्वार्टर गार्डमध्ये आहे, म्हणजे त्याला शिक्षा झालीय. आयुष्यभर एकही डाग न लागलेला हा माणूस, आपण काय केलं ते आठवत होता. आणि त्याला आठवत तर काहीच नव्हतं.

काकू कणकेच्या हातानं बाहेर आल्या. त्यांनी ऐकलं होतं. किल्ली काढली, कुलूप काढलं आणि गल्लीतून भंगारवाला चालला होता त्याच्या गाड्यावर टाकलं. पैसे द्यायला तो खिशात हात घालत होता, तोवर त्या साहेबांना धरून आत वळल्यासुद्धा.

संध्याकाळी मला म्हणाल्या, “भाऊ, कुलूप चोराला लावायचं. ह्यांना न्हाई.”

पुण्याला त्यांचा मुलगा असतो, शेखर. चांगला मुलगा. रोज फोन करणारा. त्याला ढाब्याची गोष्ट कळली तेव्हा त्यानं आईला सांगितलं की होळीला मी येतोय, तोपर्यंत काही नीट सोय झाली नसेल तर बाबांना इकडे आणतो, अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था आहे. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की त्या संस्थेच्या दाराला काय असतं? शेखर प्रामाणिक. तो म्हणाला, कुलूप असतं. काकू म्हणाल्या, बरं, ये होळीला.

आणि दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन मानिक चौकात मुन्नालालजींच्या दुकानात उभ्या राहिल्या. मुन्नालालजी बिजागऱ्या, कड्या, कोयंडे विकतात. त्यांनी स्टूल पुढे केलं. काकूंनी त्यावर छत्री ठेवली.

“ऐसा खटका दो,” काकू म्हणाल्या, “जो अपने आप बैठे. बाहर से कोई भी खोले. अंदर से हमारे साहब को न खुले. और साहब को पता भी न चले कि बंद है.”

मुन्नालालजींनी बराच विचार केला. मग आपल्या बुंदेलीवर आले. “माताजी, जे काम खटके को नइयाँ, भगवान को है.”

“भगवान को टाइम लगता है,” काकू म्हणाल्या. “मेरे को होली के पहले चाहिए.”

तिथून जे सुरू झालं त्याला मी परीक्षांचा मोसम म्हणतो. काकूंनी आधी वेल्डिंगवाला बोलावून फाटकाची वरची बिजागरी किंचित सरकवून घेतली, म्हणजे फाटक सोडलं की आपल्याच वजनानं बंद व्हायचं. मग खटक्यांची पाळी. त्यांना हवी होती स्प्रिंगची पिन. अशी पिन ओढली की मागे सरते, सोडली की स्प्रिंगच्या जोरानं पुढे येऊन खांबाच्या भोकात बसते. तिचं नाक तिरकं असलं तर फाटक नुसतं येऊन टेकलं तरी ती आपोआप अडकते. मुन्नालालजींकडे अशा पिना बऱ्याच होत्या. काकू एकेक घरी आणत, वेल्डिंगवाल्याकडून बसवून घेत, आणि मग परीक्षेला मला बोलावत. मी फाटकाच्या आत उभं राहून साहेब व्हायचं आणि बाहेर पडायचा प्रयत्न करायचा.

“नीट विसरल्यासारखं करू का?” मी पहिल्या दिवशी विचारलं.

“तुम्हाला फार सोंग करावं लागायचं न्हाई,” काकू म्हणाल्या.

पहिली पिन फाटकाच्या माथ्यावर होती. मला सापडायला वेळ लागला, साहेबांना लागला नाही. दुसरी बाहेरच्या अंगाला होती आणि वर पत्र्याचा तुकडा जोडून झाकलेली. ती मला मुळीच उघडेना. मी गजांतून हात घातला, मनगट सोलवटून घेतलं आणि हार मानली. काकू इतक्या खूश झाल्या की स्वतः चहा टाकायला आत गेल्या. तेवढ्यात साहेब बाहेर आले. माझ्याकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, जशी नव्या रंगरुटाकडे टाकतात. खिशातून चमचा काढला, पत्र्याच्या फटीतून आत सारला, कानोसा घेतला आणि मनगट जरासं वळवलं. फाटक उघडलं. चहाला अजून उकळी आली नव्हती.

काकू चहाचं भांडं हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. वाईट तर वाटलंच असणार. पण तोंडातून निघालं ते असं: “तीस वर्षं स्प्रिंगांत घातलीत त्यांनी. डोकं विसरलं, बोटं कशी विसरतील?” आणि त्यात किती म्हणून अभिमान होता.

त्यानंतरच्या सगळ्या पिना साहेबांनी उघडल्या. दोन हातांनी ओढायची, खाली दाबून ओढायची, गजाआड लपवलेली. त्यांना ते रोज नव्यानं सापडणारं कोडं होतं. इकडे शेखरनं तिकीट काढल्याचं कळवलं. मी काकूंना हळूच म्हटलं की पुण्याला डॉक्टर चांगले आहेत. त्यांनी मला पेरू दिला. फार कच्चा होता.

मग ती दुपार आली. मी सुट्टीवर होतो, घरीच. काकूंची हाक आली म्हणून धावलो. फाटक सताड उघडं होतं. मी आधी रस्त्यावर नजर टाकली. काकूंनी माझा दंड धरला आणि खाली बोट दाखवलं.

फाटकाशेजारी साहेब मांडी घालून बसले होते. पुढ्यात पांढरा रुमाल पसरलेला. त्यावर खटक्याचे सगळे भाग ओळीनं मांडलेले: पिन, स्प्रिंग, वायसर, स्क्रू, ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं. समोर उघडं फाटक, त्यापलीकडे रस्ता, त्यापलीकडे बबीना. साहेबांचं तिकडे लक्षच नव्हतं.

“तेल कहाँ है?” ते आमच्याकडे न बघता म्हणाले.

काकू शिवणयंत्राची तेलाची कुपी घेऊन आल्या. साहेबांनी स्प्रिंगला तेल दिलं, सगळं परत जोडलं, पिन ओढली, सोडली, कान देऊन ऐकली. पुन्हा ओढली. फाटक लावलं. मग उठले, रुमाल घडी करून खिशात ठेवला, काकूंच्या समोर येऊन टाचा जुळवल्या आणि म्हणाले, “पिन दुरुस्त है. स्प्रिंग कमज़ोर है.” आणि आत जाऊन चहाची वाट बघत बसले. काम झालं होतं, रिपोर्ट दिला होता. आता फौजी माणूस कुठं जाणार?

मी बोलायला तोंड उघडलं, तर काकू चपला घालत होत्या. मला साहेबांपाशी बसवून त्या निघाल्या.

त्या दिवशी मानिक चौकात जे झालं ते मुन्नालालजी अजून सांगतात, आणि दर वेळी थोडं वाढवतात. मी मूळचंच सांगतो, म्हणजे शक्य तेवढं मूळचं. काकू येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, न उघडणारं काही नको. उघडायला मजा येईल असं द्या. मुन्नालालजींना वाटलं, माताजींचंही आता साहेबांसारखं व्हायला लागलं. त्यांनी निमूटपणे सगळे खोके काउंटरवर उपडे केले. काकूंनी एकेक पिन कानाशी धरली, डोळे मिटून ओढली आणि सोडली. ही किरकिरते. ही घाई करते. हिच्यात वाळू आहे. अशा करत त्या एका पितळी पिनेपाशी आल्या. जाड, गुळगुळीत, नाक तिरकं, स्प्रिंग अशी कडक की अंगठ्याला जोर लावावा लागे; आणि बसायची ती एकाच स्वच्छ आवाजात.

मुन्नालालजींनी धंद्याचं इमान राखून तिच्याहून भारी नमुना दाखवला. या पिनेला ओढून फिरवलं की ती मागेच अडकून राहते, फाटक उघडं ठेवायचं असेल तर सोय.

“न्हाई,” काकू मराठीतच म्हणाल्या. “सोडली की घरी आली पाहिजे.”

मुन्नालालजींना मराठी येत नाही. पण त्यांनी तो भारी नमुना खोक्यात परत ठेवला.

पिन बसली आणि साहेबांना ड्यूटी लागली. सकाळी आणि संध्याकाळी फाटकाची तपासणी. पिन ओढायची, सोडायची, ऐकायची, पुसायची आणि व्हरांड्यात येऊन काकूंना रिपोर्ट द्यायचा. मधल्या वेळात त्यांना पुन्हा पुन्हा आठवण व्हायची, म्हणजे आधी केल्याची आठवण नसायची, आणि ते परत जायचे. काकूंनी आपला सगळा संसार व्हरांड्यात आणून मांडला. तांदूळ निवडणं तिथं, भाजी चिरणं तिथं, फोन तिथं. हळदीकुंकवाला जाणं बंद झालं. मी एकदा विचारलंच, की एखाद्या दिवशी रिपोर्ट न देता गेले तर? त्या म्हणाल्या, “मग मी मागनं जाईन. पन आधी बघू तरी.”

आणि एक दिवस ते गेलेच. मी समोरच्या माझ्या घरातून पाहिलं. टोपी घालून साहेबांनी पिन ओढली, फाटक उघडलं आणि बाहेर पडले. काकू सुपातले तांदूळ तसेच टाकून उठल्या. एवढ्यात मागे फाटक आपल्या वजनानं येऊन टेकलं आणि पिन बसली. खट. साहेब थबकले. मान तिरकी केली. मग मागे वळले, बाहेरून पिन ओढून पाहिली, सोडून ऐकली, आत आले आणि व्हरांड्यापुढे उभे राहून सांगितलं की सगळं ठीक आहे. काकूंनी पायरीवर उभ्याउभ्याच रिपोर्ट घेतला. “शाबास,” त्या म्हणाल्या, आणि खाली बसून सांडलेले तांदूळ वेचायला लागल्या.

शेखर होळीच्या आदल्या दिवशी सकाळी आला. खांद्याला बॅग, डोळ्यांत रात्रभराचा प्रवास. मी त्याला स्टेशनवरून आणायला गेलो होतो, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. साहेब फाटकाशी होते. शेखरनं बाहेरून पिनेला हात घातला, तर आतून साहेबांनी हात आडवा केला.

“कौन? काम क्या है?”

शेखर म्हणाला, “बाबा, मी आहे.”

साहेबांनी त्याला नीट पाहिलं. चेहरा, बूट, बॅग. मग थांबायची खूण केली, व्हरांड्यापर्यंत गेले आणि काकूंना मराठीत, हळू आवाजात, पण आम्हाला ऐकू येईल असं सांगितलं, “एक मुलगा आलाय. गेटवर थांबवलाय. चांगल्या घरचा वाटतो.”

शेखरनं मान खाली घातली. मी बॅगेच्या चेनकडे बघत राहिलो.

“घरचाच आहे,” काकू म्हणाल्या. “आत घ्या त्याला.”

साहेब परत आले. पिन ओढली, फाटक उघडलं, शेखर आत येईपर्यंत धरून उभे राहिले, आणि तो आत येताच त्याच्या पाठीवर हलकी थाप मारली. मग फाटक सोडलं, पिन बसली का ते ऐकलं, आणि रिपोर्ट द्यायला निघाले. शेखर ओट्यावर बसून ते सगळं बघत होता. त्या दिवसात त्यानं ते किती वेळा पाहिलं असेल कोण जाणे. धुळवडीला साहेबांच्या टोपीला गुलाल लागला, तेवढा सोडून ते चकचकीत राहिले. संस्थेचं नाव शेखरनं काढलं नाही, आणि काकूंनी विचारलं नाही. परतीच्या गाडीला तो एकटा बसला. मला एवढंच म्हणाला, “काका, तिला मदतीला एक बाई ठेवायला लावा. माझं ऐकत नाही.” माझं ऐकतात या कल्पनेनं मला फार बरं वाटलं. बाई ठेवायला दिवाळी उजाडली.

साहेब त्यानंतर दोन हिवाळे होते. त्यांच्यावर एकदाही कुलूप लागलं नाही. गेले ते घरात, दुपारी जेवून आडवे झाले असताना, तपासणी करून आल्यावर.

शेखर पुण्याहून पोचेपर्यंत आम्ही थांबलो. माणसं येत होती, आणि फाटक प्रत्येकाच्या मागे आपोआप बंद होत होतं. न्यायची वेळ झाली तेव्हा खांदा द्यायला आम्ही उभे राहिलो आणि लक्षात आलं की फाटक उघडं राहतच नाही. कुणीतरी म्हणालं दोरीनं बांधू, कुणी तार आणायला धावलं. काकू व्हरांड्यातून उतरल्या. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. त्यांचं जाणं फाटकापर्यंतच. तार घेऊन आलेल्याला त्यांनी हातानंच बाजूला केलं. अंगठ्यानं पिन मागे ओढली, फाटक पूर्ण उघडून पाठीनं टेकवलं आणि पिन खट करून पुढे येऊ नये म्हणून ती तशीच दाबून उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, “काकू, द्या, मी धरतो.”

“तुम्ही त्यांना धरा,” त्या म्हणाल्या. “सावकाश न्या. पायरीला जपा.”

आम्ही बाहेर पडलो. गल्लीच्या वळणावर खांदा बदलायला थांबलो तेव्हा मी मागे पाहिलं. सगळी माणसं निघून गेली होती, फाटकातून आता कुणीच बाहेर यायचं राहिलं नव्हतं. काकू फाटकाला पाठ लावून ताठ उभ्या होत्या, दोन्ही अंगठ्यांनी ती कडक स्प्रिंग मागे दाबून, आणि फाटक सताड उघडं होतं.